पायात दोष आहे

सुखदेव रामटेके कुणाच्याही घरी गेला की आधी वर बघायचा. यजमान या, बसा म्हणत असायचे आणि याची नजर छतावरून फिरून, बीमच्या कडेने उतरून खिडकीच्या कोपऱ्याशी येऊन थांबलेली असायची. पोटापाण्याचा धंदाच तो होता. एका कन्सल्टंटकडे तो स्ट्रक्चरल इंजिनिअर होता, आणि हिंजवडीला कंपन्या आल्यापासून फ्लॅट घ्यायला निघालेला जो तो त्याला बरोबर न्यायचा. ओळखीचे न्यायचे, ओळखीच्यांच्या ओळखीचेही न्यायचे. तो भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक करायचा, कान लावायचा. "ही भेग नुसती प्लास्टरची आहे, घाबरू नका," म्हणायचा. नाहीतर म्हणायचा, "ही तिरकी चाललीय. इमारत एका अंगाने बसतेय. घेऊ नका." लोक ऐकायचे आणि नंतर दिवाळीला मिठाईचा पुडा आणून द्यायचे.

स्वतःचं घर मात्र होत नव्हतं. स्वारगेटच्या मागे दोन खोल्यांत तो, त्याची बायको उत्कर्षा आणि चार वर्षांची निकिता राहत होते. उत्कर्षा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. सकाळी अंधारात कंपनीची बस पकडायची आणि रात्री मुलगी झोपायच्या बेताला घरी यायची.

"लग्नाला उभ्या मुलीने स्थळं नाकारावीत तशी घरं नाकारतोस तू," ती म्हणायची. "एकाची स्लॅब पातळ, एकाच्या सळया गंजलेल्या. आता बिनदोष घर देवलोकात मिळेल."

आणि मग ते मिळालं, तेही शनिवार पेठेत. पेपरातल्या दोन ओळींच्या जाहिरातीवरून दोघं बघायला गेले होते. तीन मजली, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची इमारत. ज्याने बांधली तो स्वतःही त्यात राहणार होता, म्हणून जीव लावून बांधलेली. सुखदेवने वर बघितलं, खाली बघितलं, बाथरूमच्या मागची भिंत हाताने चाचपली. कुठे ओल नव्हती. दाराच्या चौकटी काटकोनात होत्या. गॅलरीच्या स्लॅबखाली वाकून तो बघत राहिला. घरमालक दामले बँकेतून निवृत्त झालेले होते आणि मुलाकडे बंगळूरला निघाले होते. ते कौतुकाने म्हणाले, "इतकं बारकाईने बघणारा माणूस पहिल्यांदा आला हो. बाकीचे येतात ते किचनमध्ये फ्रीज कुठे ठेवायचा एवढंच विचारतात."

"अशी कामं आता होत नाहीत, काका," सुखदेव मनापासून म्हणाला.

दामले खूश झाले. दामलेकाकूंनी चहा ठेवला. किंमत जमली, कधी सोडणार तेही जवळजवळ ठरलं. चहाचे कप हातात देताना काकूंनी विचारलं, "रामटेके म्हणजे तुम्ही तिकडचे, नागपूरचे का?"

"भंडाऱ्याचा. शिकायला पुण्याला आलो तो इथेच राहिलो."

"आणि तू गं?"

"मी इथलीच. खडकीची," उत्कर्षा म्हणाली. "बाबा दारूगोळा कारखान्यात होते."

"अस्सं. म्हणजे आपण कोण?"

"आम्ही बौद्ध," उत्कर्षा म्हणाली.

"हो का? छान, छान," काकू म्हणाल्या. "चहा घ्या ना, निवतोय."

दामले पुढे गच्ची दाखवणार होते, ती काही दाखवली नाही. किल्ली सेक्रेटरींकडे असते म्हणाले.

परत येताना सुखदेव स्कूटरवर अखंड बोलत होता. निकिताचं टेबल कुठल्या खिडकीशी लावायचं, ते त्याने नदीपात्रातल्या रस्त्यावर ठरवलं सुद्धा. मागे बसलेली उत्कर्षा नुसती 'बरं' म्हणत होती.

आठवड्याच्या आत दामल्यांचा फोन आला.

"रामटेके साहेब, तुम्ही भले लोक आहात, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. आमच्या इमारतीच्या पायात दोष आहे. खाली पूर्वी ओढा होता म्हणतात. तुमच्यासारख्या तरुण माणसाने त्यात अडकू नये, असं आपलं मला वाटतं."

सुखदेवने फोन ठेवला आणि तो खरोखर काळजीत पडला. पाया खचत असता तर खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरकी भेग निघाली असती. जिना एका बाजूला कलला असता. आपल्या नजरेतून हे सुटलं कसं? त्याने उत्कर्षाला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं.

"पायात दोष. अगदी बरोबर बोलले," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"दोष आपल्यात आहे, सुखदेव. इमारतीत नाही."

"तुला सगळीकडे तेच दिसतं," तो चिडून म्हणाला. "एवढा साधा माणूस आहे तो. स्वतःचं नुकसान करून खरं सांगतोय."

"बरं," ती म्हणाली. "जेवायला बस."

खडकीत वाढलेल्या उत्कर्षाला पुणेरी 'छान, छान' लहानपणापासून ऐकून माहीत होतं. सुखदेवचं तसं नव्हतं. भंडाऱ्याला गावात लोक तोंडावर बोलायचे. तिथे अपमान ओळखायला डोकं लागत नसे. पुण्यात आल्यावर कॉलेजात, ऑफिसात त्याच्याशी सगळे गोडच वागले होते, आणि काँक्रीटचं गणित कुणाची जात विचारत नाही, हे तर त्याने रोज पडताळून पाहिलं होतं.

रविवारी तो एकटाच हातोडी, ओळंबा आणि पातळी बघायची पाणसळ पिशवीत घालून शनिवार पेठेत गेला. दोष असला तर तो दामल्यांना दाखवावा, नसला तर त्यांच्या मनातली भीती घालवावी, एवढाच त्याचा विचार होता. तळमजल्याच्या पार्किंगमधले कॉलम त्याने एकेक करून वाजवले. खणखणीत आवाज. ओळंबा सोडला. कॉलम सरळ होते. जोत्याशी बसून त्याने जमिनीचा सांधा बघितला, त्यात नखसुद्धा जात नव्हतं.

"काय ठोकताय हो?" मागून आवाज आला. पांढरा लेंगा, हातात दुधाची पिशवी. "वेळ काळ काही आहे की नाही? कोण आपण?"

"स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. दामल्यांच्या फ्लॅटसाठी..."

"अच्छा, नव्या पार्टीकडून आलात होय! मग ठोका, ठोका. मी श्रीधर आगाशे, सोसायटीचा सेक्रेटरी. इमारत कशी काय वाटते?"

"उत्तम आहे. मला पायाची शंका होती..."

"शंका? ह्या पायावर अजून चार मजले चढतील!" आगाशे म्हणाले. "बरं, आलाच आहात तर आमच्या गच्चीवरची टाकी बघता का जरा? झिरपते. एक जण बघून गेला, नुसतं बघण्याचे पैसे मागत होता."

सुखदेव त्यांच्या मागून गच्चीवर गेला. टाकीच्या तळाशी सांधा उघडला होता, बाकी काही नव्हतं. त्याने गुडघ्यावर बसून तो खरवडून दाखवला. टाकी रिकामी करून सांधा कसा खोल करायचा, कशाने भरायचा, किती दिवस ओला ठेवायचा, सगळं समजावलं. आगाशे मन लावून ऐकत होते.

"वा! तुमच्यासारखी माणसं हवीत हो इमारतीत," ते म्हणाले. "हे दामले बघा. ह्यांना काय, चालले बंगळूरला. कुणालाही विकायला निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, नाही कशाला म्हणता, वाईटपणा येतो. पायात दोष आहे म्हणून सांगा, आपोआप जातील. अहो, त्या बिचाऱ्यांना खोटंही बोलता येत नव्हतं, मीच फोनशेजारी बसून सांगत होतो."

गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेली चादर फडफडत होती. सुखदेवच्या बोटांना टाकीचा चिखल लागला होता. तो झटकावा की पुसावा, हे त्याला सुचेना.

"आगाशे, मीच रामटेके," तो म्हणाला.

आगाश्यांनी दुधाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"असं होय. गैरसमज करून घेऊ नका. माझं वैयक्तिक काही नाही, माझ्या ऑफिसात सगळे होते. पण इथे बायकामाणसं असतात, सणवार असतात. तुम्हालाच अवघडल्यासारखं झालं असतं." ते जिन्याकडे वळले आणि पहिल्या पायरीवर थांबले. "ते सांध्यात भरायचं काय म्हणालात? कुठल्या दुकानात मिळेल?"

आणि सुखदेवने दुकान सांगितलं. तोंडातून निघूनच गेलं. ह्या गोष्टीची लाज त्याला पुढे बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटत राहिली.

उतरताना दामले दारातच उभे होते. वरचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं.

"माझा नाइलाज झाला हो," ते हळू आवाजात म्हणाले. "माझी बहीण वरच्या मजल्यावर एकटी राहते. तिला यांच्यातच दिवस काढायचेत."

"तुम्ही मला नाही म्हणायचं होतं, काका," सुखदेव म्हणाला. "इमारतीला कशाला नावं ठेवलीत?"

त्यानंतर घरं बघायचं काम उत्कर्षाने हातात घेतलं. सुखदेव नुसता बरोबर जायचा. हिंजवडीच्या अलीकडे शेतांत नवे टॉवर उभे राहत होते. एकीकडे ज्वारी उभी, दुसरीकडे 'बुकिंग सुरू'चा फलक. तिथल्या एका स्कीममध्ये राकेश नावाचा टाय लावलेला सेल्समन होता. त्याने निकिताला फुगा दिला, लिफ्ट दाखवली, आणि विचारलं एकच, पगाराची स्लिप आणलीय का.

सुखदेव पार्किंगमध्ये मागे राहिला होता. कोपऱ्यातल्या एका कॉलमचं काँक्रीट मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं होतं, आत सळी उघडी दिसत होती. त्याने पेराने ठोकलं. बद्द आवाज आला. वरच्या मजल्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी एक तिरकी रेघ निघाली होती. अजून इमारतीत माणसं राहायलाही आली नव्हती.

"इथे नको," घरी आल्यावर तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी मला नेलं असतं तर मी दारातूनच परत फिरवलं असतं."

"इथे आपल्याला कुणी काही विचारलं?"

"उत्कर्षा, कॉलम पोकळ आहे."

"पडेल?"

"आज पडणार नाही. पण दहा-पंधरा वर्षांनी..."

"दहा-पंधरा वर्षं माझी मुलगी तोंडावर दारं बंद न होता खेळेल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुझं ते बिनदोष घर बघितलं ना आपण? दिलं त्यांनी? आता मला पुन्हा कुणाच्या सोफ्यावर बसून चहा निववायचा नाही. तू कॉलम बुजवून घे, भर घाल, काय करायचं ते कर. मला हेच घर हवंय."

त्याने बिल्डरला दोनदा लेखी कळवलं. 'योग्य ती दुरुस्ती करण्यात येईल' असं उत्तर आलं. मग त्याने सह्या केल्या. भंडाऱ्याहून आई-बाबा आले, बुद्धवंदना झाली, खीर झाली. आईने भिंतीवरून हात फिरवून विचारलं, "घर पक्कं आहे ना रे बाबू? तू बघूनच घेतलं असशील."

"हो, बघूनच घेतलं," तो म्हणाला.

राहायला येऊन थोडे महिने झाले असतील. एका रविवारी तो भाजी घेऊन येत होता, तेव्हा लिफ्टशी राकेश एका जोडप्याला घेऊन उभा होता.

"सर, बरं झालं भेटलात! हे आमचे रामटेके सर. स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत आणि इथेच फ्लॅट घेतलाय. आता बोला! सर, हे सादिक शेख, सोलापूरचे. पाचव्या मजल्याचा टू बीएचके बघतायत. तुम्हीच सांगा ना यांना."

सांगता सांगता राकेशचा मोबाइल वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. शेख रविवार असूनही गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवूनच आला होता. त्याची बायको पोटुशी होती, जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती.

राकेश आपल्या नावावर घरं विकतोय, हे सुखदेवला त्या क्षणी कळलं. आणखी कितीजणांना त्याने हे ऐकवलं असेल, कोण जाणे.

"घेऊ नका," तो म्हणाला.

"का सर?"

"खाली एका कॉलममध्ये दोष आहे. इमारत चांगली नाही."

शेखने बायकोकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"पण तुम्ही घेतलाय ना, सर?"

"घेतलाय."

"दोष माहीत असून?"

"हो."

"बरं," शेख म्हणाला आणि हसला. ते हसू बघून सुखदेवला दामल्यांचा फोन आठवला.

"तसं नाही! तुम्ही चला माझ्याबरोबर, मी दाखवतो," तो म्हणाला आणि भाजीची पिशवी तिथेच टाकून त्यांना पार्किंगमध्ये घेऊन गेला. कोपऱ्यातला कॉलम आता गुळगुळीत होता. त्यावर प्लास्टर चढवलं होतं, वर पिवळे-काळे पट्टे मारले होते. बिल्डरची योग्य ती दुरुस्ती. सुखदेवने पेराने ठोकलं, मग मुठीने ठोकलं. "ऐका. ऐकू येतंय का? हा आवाज असा नसतो. त्या दुसऱ्या कॉलमचा ऐका, मग कळेल."

शेख दोन्ही कॉलमपाशी उभा राहिला. त्याने अगदी शिस्तीत कान दिला.

"मला यातलं काही कळत नाही, सर," तो म्हणाला. "पण तुम्ही निदान खाली येऊन सांगितलंत. बाकीचे दारातूनच नाही म्हणून सांगतात."

दोघं फाटकाकडे चालत गेले. बायको सावकाश चालत होती, म्हणून तोही सावकाश चालत होता.

सुखदेव वर आला तेव्हा उत्कर्षाने विचारलं, "खाली कुणाशी बोलत होतास इतका वेळ?"

"घर बघायला आले होते. मी नको म्हणून सांगितलं."

"कोण होते?"

त्याने नाव सांगितलं. उत्कर्षाने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"कॉलम खरंच खराब आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांना कुठे माहीत आहे?"