भाड्याचा अननस

जोसाया टेल्फर जेवायला येणार हे मंगळवारी ठरलं, आणि गुरुवारी दुपारपर्यंत ओटिली विनेकेने घरात नसलेल्या सगळ्या वस्तू भाड्याने आणून ठेवल्या. वॉलवर्थच्या दुकानातून टेबलाच्या मधोमध ठेवायचं चांदीचं झाड आलं, दोन हात उंच, फांद्याफांद्यांवर फळं ठेवायला वाट्या असलेलं. बारा काटे, बारा सुऱ्या आल्या. आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला टपर आला, तो स्वतःच भाड्याने.

टपरबद्दल सांगायला हवं. लंडनातल्या आमच्या कॅम्बरवेलात हा माणूस सकाळी कोबी विकायचा आणि संध्याकाळी काळा कोट, पांढरे हातमोजे चढवून कुणाच्याही घरचा पिढीजात बटलर व्हायचा. अर्ध्या मोहल्ल्याच्या मेजवान्या त्यानेच वाढल्या होत्या. सकाळी त्याच्याशी गाजरांवरून घासाघीस करायची आणि संध्याकाळी त्याला ओळख दाखवायची नाही, हा रिवाज सगळे पाळत. येताना त्याने काचघरात वाढवलेला एक अननसही आणला होता. भाडं तीन शिलिंग. मात्र कापायचा नाही. कापला तर दीड गिनी, म्हणजे दहापट.

"कोण कापतंय?" ओटिली म्हणाली. "अननस बघायचा असतो. तो कुणी खातं का कधी?"

तिचा नवरा कास्पर दारात उभा राहून हे सगळं बघत होता. थोराड अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. वीस वर्षांपूर्वी जर्मनीतल्या ल्यूबेकहून लंडनला आला तो लाकडाच्या धंद्यात पडला. रशियातल्या रिगा बंदरातून पाइनचे सोट आणायचे, डोलकाठ्यांसाठी विकायचे. वखार रॉदरहाइथच्या गोदीला.

"ओटिली," तो म्हणाला, "मी आपला सरळ टेल्फरसाहेबांच्या पेढीवर जातो. काय घडलं ते समोर मांडतो. हे सगळं कशाला?"

"काय मांडाल? बग्गी विकली, स्वयंपाकीण काढली, बायकोचा पियानो विकला, आता सही द्या? भिकाऱ्याला कुणी पत देतं का हो? झाकली मूठ सव्वा लाखाची. आज तुम्ही फक्त जेवा, आणि हॅम्बुर्गचा विषय निघाला तर गप्प बसा. बोलायचं ते मी बोलेन."

पियानोचं नाव निघालं की कास्पर गप्प व्हायचा. आताही झाला.

गोष्ट अशी होती. आदल्या शरदात हॅम्बुर्गच्या बाजारात एकामागून एक पेढीचं दिवाळं वाजलं. बुडालेल्यांच्या हुंड्यांवर कास्परचीही सही होती, त्यामुळे देणं त्याच्या गळ्यात पडलं. तसं ते बऱ्याच जणांच्या गळ्यात पडलं होतं. बाकीच्यांनी घेणेकऱ्यांना बोलावलं, तोंड पाडलं, पौंडामागे वीसऐवजी पाच शिलिंगांवर तडजोड केली आणि नाताळात नेहमीसारखी बदकं खाल्ली. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. कास्परने मात्र वीसच्या वीस शिलिंग मोजले, शेवटच्या घेणेकऱ्यापर्यंत. हमालांनी पियानो उतरवला त्या दिवशी जिन्यात उभी राहून ओटिली त्याला मूर्ख म्हणाली, आणि मूर्खाची बायको होण्यापेक्षा विधवा बरी, असंही म्हणाली. त्या गोष्टीला चार महिने झाले होते. बोलणं परत घेतलं नव्हतं तिने, आणि त्याने मागितलंही नव्हतं.

आता मार्च लागला होता. रिगाची नदी मेच्या सुमाराला मोकळी होते, पण सोटांचे सौदे बर्फ असतानाच करावे लागतात. रिगाचा व्यापारी कास्पर विनेकेला ओळखत नाही. तो टेल्फरला ओळखतो. टेल्फरची पेढी पैसे देत नसे, नाव देत असे. कास्परसाठी काढलेली हुंडी टेल्फरने सकारली, म्हणजे तिच्यावर आडवी सही केली, की तो कागद लंडनच्या कुठल्याही पेढीवर रोख पैशासारखा चाले. तीन महिन्यांत जहाज यायचं, सोट विकायचे, पैसे टेल्फरकडे भरायचे, वर त्याची दलाली. आठ हजार पौंडांच्या सह्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत तर वखार सोडायची आणि ल्यूबेकला ओटिलीच्या भावाच्या कचेरीत पन्नाशीच्या कास्परने कारकून म्हणून बसायचं. तिचा भाऊ कसा माणूस आहे हे ओटिलीला चांगलं ठाऊक होतं. तो रोज एकदा तरी उपकार बोलून दाखवणार. त्या विचारानेच तिने स्वयंपाकिणीवाचून दोन दिवस चुलीपाशी उभं राहून सूप केलं, रावस उकडला, मेंढीची पाठ भाजली. बोटाला भाजलं ते हातमोज्यात लपवलं.

टेल्फरसाहेब बरोबर सहाला आले. स्कॉटलंडचे, सत्तरीचे, काटकुळे. कोट असा जुना की एरवी टपरने त्यांना मागच्या दाराने घेतलं असतं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, चांदीच्या झाडाकडे पाहिलं, अननसाकडे पाहिलं आणि मग टपरकडे पाहिलं. टपर छताकडे बघू लागला.

सूप झालं. मासा झाला. टेल्फर चिमणीएवढं खात होते.

"हॅम्बुर्गला फारच पडझड झाली म्हणे," ते म्हणाले. "तुम्हाला काही झळ, विनेके?"

कास्परने काटा खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

"झळ? छे हो!" ओटिली हसली. "ह्यांचा हात आधीपासूनच राखून. लोक बुडाले ते आपल्या हावरेपणाने."

कास्परचं तोंड लालबुंद झालं. पण तो बोलला नाही. टेल्फरनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि तिथून पुढे ते फारच गोड झाले. मेंढी छान, पडदे छान, घर कसं हवेशीर. ओटिलीला वाटलं, जिंकलं. आपल्या वडिलांच्या घरी ती हेच शिकली होती, की माणसाची पत त्याच्या ताटावरून ठरते.

मग टेल्फरनी रुमालाने ओठ टिपले.

"विनेकेबाई, एक फोड अननस मिळेल का?"

कास्पर ताटात बघत राहिला.

"मिळेल की," ओटिली म्हणाली. "टपर, सुरी आणायला चला. मी दाखवते कुठली ती." आणि सुरी दाखवायला मालकीण स्वतः कोठीत गेली, जे कुठल्याच मोठ्या घरात घडत नाही.

कोठीचं दार लोटताच टपरने आवाज खाली आणला. "बाईसाहेब, कापायचा नाही असं ठरलंय. उद्या डलिचला लग्नात जायचाय तो."

"अरे, घ्या तुमची दीड गिनी! नंतर देते."

"नंतर? अहो, पैशाचं नाही हो एवढं. कापून उपयोग नाही. ते ओळखतात."

"काय ओळखतात?"

टपरने हातमोजा काढून कपाळ पुसलं. "मला. झाडालाही. सप्टेंबरात मी त्यांना पार्ट्रिजांच्या घरी वाढलं, हेच झाड होतं. ऑक्टोबरात क्लोजांकडे. मग ब्लँडफर्डांकडे. तिथेही त्यांनी शेवटी फोडच मागितली होती."

"मग?"

"पार्ट्रिज पंधरा दिवसांत बुडाले. क्लोज महिन्यात. ब्लँडफर्ड तर माझे कामाचे पैसेही न देता फ्रान्सात बुलोनला पळाले. तुम्ही मला मंगळवारी सांगितलं असतं कोण येणार ते, तर मीच म्हटलं असतं बाई, टपर नको, कोबी न्या."

ओटिली पिठाच्या डब्यावर बसली. ज्या टेबलासाठी ती दोन दिवस राबली, ते टेबल टेल्फरच्या डोळ्यांना एकच गोष्ट सांगत होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि कास्परला तिनेच त्या तीन ठगांच्या पंगतीत नेऊन बसवलं होतं. ज्या माणसाने एक शिलिंगसुद्धा कुणाचा ठेवला नाही त्याला. बाहेर तो ताटात बघत बसला असेल. तिला त्याची इतकी दया आली, आणि स्वतःची इतकी चीड, की ती तशीच उठली आणि सुरी न घेता बाहेर आली.

"टेल्फरसाहेब," ती उभ्यानेच म्हणाली, "अननस भाड्याचा आहे. कापता येत नाही. झाड भाड्याचं, काटे भाड्याचे, आणि हे टपर भाजी विकतात, ते तुम्हाला माहीतच आहे. स्वयंपाकीण नाही आमच्याकडे. मेंढी मी भाजलीय."

"ओटिली, बस," कास्पर म्हणाला.

"नाही बसत. मघाशी मी खोटं बोलले. झळ लागली नाही म्हटलं, अहो, घर धुऊन निघालं आमचं. दुसऱ्यांच्या हुंड्या होत्या. सगळ्यांनी पाच शिलिंगांत हात झटकले. ह्यांनी वीस दिले. प्रत्येकाला वीस. बग्गी गेली, जहाजातला हिस्सा गेला, आणि मी, मी ह्यांना मूर्ख म्हणाले. आजचा हा तमाशा माझा आहे. हे नकोच म्हणत होते." तिने खुर्चीची पाठ धरली. "तुम्ही सही द्या, नका देऊ. पण ह्यांना त्या पार्ट्रिजच्या ओळीत मांडू नका. माझा नवरा तसा नाहीये हो."

टेल्फरनी रुमालाची घडी घालून ती ताटाशेजारी ठेवली. मग म्हणाले, "पियानो राहिला."

"काय?"

"तुमच्या यादीत पियानो राहिला, बाई. हॅम्बुर्गच्या माझ्या माणसाने जानेवारीतच सगळं कळवलंय, पियानोसकट. त्या पत्रावर मी आज हो म्हणायला आलो होतो. टेबल बघितलं आणि म्हटलं, पत्र लिहिणाऱ्याला कुणीतरी बनवलं. सूप संपेपर्यंत माझा नकार ठरला होता." ते कास्परकडे वळले. "विनेके, मी सरळ विचारलं होतं. तुम्ही का गप्प बसलात?"

"माझ्याच घरात, पाहुण्यासमोर, बायकोला खोटं पाडू?"

"उद्या तुमचा रिगाचा माणूस खोटं बोलला, तर त्यालाही असंच पांघरूण घालाल?"

कास्परने विचार केला. तो विचार करायला लागला की समोरच्याला झोप येई, पण टेल्फर थांबले.

"त्याला नाही घालणार," तो शेवटी म्हणाला. "हिला मात्र घालेन. पुन्हा वेळ आली तरी घालेन बहुतेक."

ओटिलीने डोळे मिटून घेतले. अहो, एवढं खरं कशाला बोलायचं!

टेल्फर घशातल्या घशात हसले. "आठ हजार मागितले होते तुम्ही. पाच देतो. तीन ह्या उत्तरापायी कापले. सोमवारी हुंड्या घेऊन पेढीवर या, सह्या करतो. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." ते उठले. टपरने कोट पुढे केला तसे त्याला म्हणाले, "काय टपर, आज पैसे मिळतील हो तुम्हाला," आणि गेले.

टपर काटे मोजून पेटीत भरू लागला. ओटिली खुर्चीत बसून हमसून हमसून रडायला लागली. पाच हजारांत वखार वाचत होती, सोट येणार होते, ल्यूबेकला जावं लागणार नव्हतं. तरी तिचं रडं थांबेना.

"तीन हजार माझ्यामुळे गेले."

"गेले," कास्पर म्हणाला. खोटा दिलासा द्यायची त्याला सवयच नव्हती. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला, तिच्या हातातला मोजा हळूच उतरवला, भाजलेलं बोट पाहिलं आणि तो हात तसाच धरून बसला.

"ओटिली, मघाशी काय म्हणालीस ते पुन्हा म्हण ना."

"कुठलं? अननसाचं?"

"नाही गं. वीस शिलिंगांचं."

"टेल्फरना सांगितलं ते? ऐकलंत की तुम्ही."

"तू त्यांना सांगितलंस, इंग्रजीत," कास्पर म्हणाला. त्याचा आवाज तिला अनोळखी वाटला. "मला आपल्या भाषेत सांग."

टपरची इकडे पाठ होती. ओटिलीने नाक पुसलं, आणि चार महिन्यांपूर्वी जिन्यात ज्या भाषेत त्याला मूर्ख म्हटलं होतं त्याच भाषेत, अगदी हळू, म्हणाली, "सगळ्यांनी पाच दिले. माझ्या नवऱ्याने वीस दिले."

कास्परने मान हलवली. मग तो धिप्पाड माणूस तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.