करंजापासून अकरा पावलं

हे मी लिहिणारच नव्हतो. चारदा कागद मशीनवर चढवला आणि चारदा कोराच काढून घेतला. दुसऱ्यांचे अर्ज मी दिवसाला वीस-वीस टाइप करतो, तेव्हा हात थांबत नाही. इथे पहिल्याच ओळीला थांबला. आज कचेरीला सुट्टी आहे, शेजारी बसणारा वसंता स्टॅम्पवाला आलेला नाही, कोणी विचारणार नाही की काय टाइप करतोस. म्हणून बसलो. इथे बालाघाटला कचेरीचं सगळं काम हिंदीत, म्हणून मशीनही हिंदीचं आहे, त्यावर ळ नाही. जिथे ळ येतो तिथे जागा सोडतो आहे, मागून पेनने भरीन.

तर, डोमाजी मामा माझ्या टेबलासमोर उभा होता. हातात घडी पडून मऊ झालेला एक कागद.

"तेजराम, याच्यात का लिवलं हाये, वाच."

अडुसष्टचा डिसेंबर होता. कागद नालीच्या दफ्तराची नोटीस होती. आमच्या बस स्टँडमागच्या वॉर्डात दर पावसाळ्यात पाणी साचायचं, कारण ते जाणार कुठे? उतार वैनगंगेकडे, पण मधे रस्ता उंच. म्हणून एक मोठी नाली खोदून पाणी सरळ नदीत सोडायचं ठरलं. पहिल्या नकाशात नाली घाटाशेजारी पडत होती. पण घाटाला नुकत्याच पायऱ्या बांधल्या होत्या, सिमेंटचे दोन बाक टाकले होते, संध्याकाळी साहेबलोक बायकापोरांना घेऊन तिथे हवा खायला येत. त्यांच्या नाकाखाली गावाचं घाण पाणी कसं सोडायचं? मग नाली खाली वळवली, दोन फर्लांगावर, पांढऱ्या मातीच्या काठाकडे. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. त्यातले अकरा दिवस गेले होते.

त्या काठावर डोमाजी मामाची झोपडी होती.

मामा काही कोणी मोठा माणूस नाही. राइस मिलमध्ये पोती उचलायचा. मूळचा राजेगावचा. नागपूरला दीक्षा घेऊन आला त्या साली त्याने गावाला सांगितलं, मेलेलं ढोर आता ओढणार नाही. गावाने त्याचं काम बंद केलं, मग विहीर बंद केली. मामा आणि त्याची बायको तुळसाबाई इथे आले आणि कोणालाच नको होती ती जागा धरून बसले. त्या मातीत काही उगवत नाही. पण ती छुई आहे, भिंती पोतायची पांढरी माती. तुळसाबाई काठ खणायची, मातीचे गोळे वळायची, टोपली डोक्यावर घेऊन दारोदार विकायची. दिवाळीआधी अर्ध्या बालाघाटच्या भिंती तिच्या मातीने पांढऱ्या व्हायच्या. घरात मात्र तिला कोणी घेत नसे, गोळे ओसरीवरच ठेवून घेत.

पासष्टमध्ये ती तापाने गेली. मसण लांब, आणि खांदा द्यायला चार माणसं जमली नाहीत. दोन आली. मामाने तिला झोपडीमागे करंजाखाली पुरलं, जिथे बसून ती गोळे वळायची. करंजापासून नदीचा काठ अकरा पावलांवर.

हे सगळं त्याने मला त्या दिवशी उभ्या उभ्या सांगितलं, एकदाही न थांबता, जणू घरातून येताना पाठ करून आला होता. आणि म्हणाला, "हे लिव. नाली इकडं आनू नका म्हना."

मी टायपिंग कोणाकडे शिकलो नाही. कायदाही नाही. दोन्ही कचेरीच्या दारात बसून, दुसऱ्यांचं पाहून शिकलो. तेवढ्या शिक्षणात मला एक पक्कं माहीत होतं. जागा सरकारी आहे. तिथे मी राहतो असं मामाने लिहून दिलं, तर नाली राहील बाजूला, आधी अतिक्रमण म्हणून झोपडी जाईल. आणि मसणाबाहेर माणूस पुरला हे कागदावर आलं तर ती वेगळीच भानगड. म्हणून मी डोकं चालवलं. हिंदीत सात ओळी टाइप केल्या. सदर भूमि रिक्त है, वहाँ कोई आबादी नहीं है, नगर की महिलाएँ दीवाली पर छुई लेने जाती हैं, उन्हें असुविधा होगी, अतः नाली अन्यत्र ले जाएँ. टाइप करून झाल्यावर स्वतःवर खूश झालो. बायकांची अडचण म्हटली की साहेबलोक ऐकतात असा माझा समज.

"आता वाचून दाखव," मामा म्हणाला.

खरं वाचलं असतं तर त्याने अंगठा लावला नसता. समजावायला वेळ लागला असता आणि मागे चार जण उभे होते. मी कागद समोर धरला आणि त्याने जे सांगितलं होतं ते वाचलं. राजेगाव, झोपडी, तुळसाबाई, करंज, अकरा पावलं. सगळं. आवाजही चांगला लावला. मामा मान खाली घालून ऐकत होता. तिचं नाव आलं तेव्हा त्याने मान हलवली. वाचून झाल्यावर कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला, मग शाईचं पॅड जवळ ओढलं आणि अंगठा लावला.

तो गेल्यावर वसंता हसला. त्याने माझ्या खांद्यावरून सातही ओळी वाचल्या होत्या. "लय मोठा वकील झाला बे तू," म्हणाला.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. माझी खोली त्याच बस स्टँडमागच्या वॉर्डात आहे. पावसाळ्यात पाणी खाटेच्या पाट्याला लागायचं. मशीन मी कपाटावर चढवून ठेवायचो आणि खाटेवर पाय जवळ घेऊन बसायचो. ती नाली मलाही हवी होती. त्या दिवशी टाइप करताना हे माझ्या बोटांत होतं का? नव्हतं असं म्हणावंसं वाटतं. पण तिथेही जागाच सोडतो.

सुनावणीला मी गेलो नाही, मामा गेला. ओव्हरसियरने म्हणे कागद वर-खाली पाहिला आणि विचारलं, "जब वहाँ कोई रहता ही नहीं, तो नुकसान किसका?" छुई दुसरीकडेही मिळते. हरकत खारीज. मामा तिथून सरळ माझ्याकडे आला, टेबलाशेजारी उकिडवा बसला.

"नाई म्हनते," एवढंच बोलला. पाणी मागितलं, प्यायला, लोटा उपडा ठेवला आणि मिलला गेला.

उन्हाळ्यात नाली झाली.

एकोणसत्तरच्या पावसाळ्यात माझी खोली पहिल्यांदा कोरडी राहिली. मी मुद्दाम जमिनीवर झोपून पाहिलं. तिसऱ्या दिवशी काठावर गेलो. नालीच्या तोंडातून सगळ्या गावाचं पाणी पुरुषभर उंचीवरून खाली पडत होतं. चिखल, शेण, चपला, एक फुटकं सूप. ती माती सुकली की दगड आणि भिजली की लोणी. खाली खड्डा झाला होता आणि वरचा काठ पोकळ होत आत येत होता. मामा गुडघाभर पाण्यात उभा राहून दगड लावत होता. दगडांमागे त्याने बांबूची ताटी ठोकली होती. मला पाहून हाताची बोटं वर केली. नऊ.

रोज सकाळी तो करंजाला पाठ लावून उभा राहायचा आणि काठापर्यंत पावलं टाकायचा. मग मिलला जाताना कचेरीसमोरच्या रस्त्यावरून मला बोटं दाखवायचा. नमस्कार नाही, हाक नाही, फक्त बोटं. मीही मान हलवायचो. त्याला दुसरं कोणी हे दाखवत असेल असं वाटत नाही. मला तरी खोलीवर गेल्यावर बोलायला कोण होतं? रविवारी मी त्याच्याकडे जायला लागलो. आम्ही चहा प्यायचो आणि पाण्याकडे पाहायचो. मैत्री म्हणायची तर याला म्हणतो. पावसाळा संपला तेव्हा सहा बोटं उरली होती.

दिवाळीला त्याची पोरगी कमला आली. नवरा उकव्याच्या खाणीत, तिथेच क्वार्टर. ती दोन दिवस राहिली, दोन्ही दिवस एकच बोलणं.

"बा, चाल ना माह्यासंग. अठी कोन हाये तुयं?"

मामाने हनुवटीने करंजाकडे दाखवलं.

"थे का आता उठून भाकर करून देनार हाये तुले?" कमला म्हणाली, आणि मग स्वतःच रडायला लागली. जाताना मला रस्त्यापर्यंत घेऊन गेली. दफ्तरात पुन्हा एक कागद दे, तू लिहितोस ना, म्हणाली. देतो म्हटलं.

दिला नाही. नव्या अर्जात झोपडी लिहिली असती तर पहिला अर्ज खोटा ठरला असता, आणि पहिल्याच्या खाली टाइप करणारा म्हणून माझी सही होती. वसंता म्हणाला, कोण पाहतं बे सही. पण मी घाबरलो. रविवारी चहा प्यायला मात्र जात राहिलो.

सत्तरचा पावसाळा. आषाढात चार बोटं. श्रावणात तीन. मग दोन, आणि ती दोन त्याने नीट वरही केली नाहीत, कमरेजवळच दाखवली.

भादव्यात एका सकाळी तो रस्त्यावरून गेलाच नाही.

मी मशीनवर फडकं टाकून निघालो. घाटावर पूर पाहायला गर्दी होती. बाकांवर छत्र्या उघडून लोक बसले होते, कोणी शेंगा खात होतं. नदी तांबडी झाली होती, पण घाटाच्या खालच्या अंगाला एक पांढरा पट्टा काठाकाठाने लांबपर्यंत वाहत चालला होता. एक बाई पोराला दाखवत होती, पाहा, नदीत दूध.

करंज पाण्यात आडवा पडला होता. झोपडीची मागची भिंत नव्हती. पुढून दाराला कडी लावलेली, आणि मामा दारासमोर बसलेला, धोतर पांढरं, पाय पांढरे, हात कोपरापर्यंत पांढरे.

"तुळसा गेली रे," तो म्हणाला.

ती पाच वर्षांपूर्वी गेली आहे हे मला त्या घटकेला आठवलंच नाही. मी विचारलं, "कव्हा?"

"पहाटे."

आठ दिवसांनी तो उकव्याला निघाला. मी बस स्टँडवर पोचवायला गेलो. त्याच्याकडे पत्र्याची पेटी आणि एक टोपली होती, वर फडकं बांधलेली. टोपलीत छुई होती. पडलेल्या काठातून उचलली होती. कमलाच्या क्वार्टरच्या भिंती खाणीच्या धुळीने काळ्या झाल्यात म्हणाला. उकव्यावरून जाणारी बैहरची बस लागली होती. कंडक्टर टोपली टपावर टाका म्हणत होता आणि मामा ती मांडीवरून सोडत नव्हता. तो खिडकीत, मी खाली. मी तिथेच सांगितलं. कागदावर काय होतं आणि वाचलं काय. एका दमात सांगितलं, त्याने मला सांगितलं होतं तसं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मालूम हाये मले."

"ओव्हरसियरनं सांगतलं?"

"नाई. त्याच रोजी. तू किती वाचलं आन् कागदावर ओळी सात. मी मोजल्या ना. माहं घर, माही तुळसा, थो करंज, एवढं सात ओळीत मावते का?"

"मंग अंगठा काहून लावला, मामा?"

त्याने टोपलीवरचं फडकं नीट केलं.

"तू वाचलं थे बराबर होतं. एक बी गोठ चुकली नाई. मले वाटलं, याले सप्पा ध्यानात हाये. कागदात असो नाई तं नसो. कोनाले तरी ध्यानात हाये."

ड्रायव्हर चढला.

"थे जे वाचलंतं त्या रोजी," मामा म्हणाला, "थे लिवून ठेव एखांद्या खेपी. तिचं नाव कोन्याच कागदावर नाई."

बस हलली. मी खिडकीची सळई धरून चार पावलं सोबत गेलो आणि त्याला सांगितलं, लिवीन मामा, उकव्याले घेऊन येईन, आन् या खेपी शब्दाशब्दावर बोट ठिवून वाचीन, तुमी ओळी मोजजा.