‘मार्केला’वरचा पहारा

इसिदोरोसला एक वाईट खोड होती. नफा आला की ‘आपलं जहाज’, खर्च निघाला की ‘वहिनीचं जहाज’. नवऱ्यामागं आंगेरूच्या पदरी जहाजातला वाटा आला आणि हा भागीदार दीरही. वाट्याचं तिनं सोनं केलं. दिराचं काही करता आलं नाही.

आताही तेच. गव्हानं भरलेलं ‘मार्केला’ सुएझला उभं होतं. पुढं सोमाली चाच्यांचा समुद्र. कप्तान तिचा एकुलता एक लेक, लेओनिस. बंदूकवाले पहारेकरी घ्यायचे तर दोघा भागीदारांचा होकार हवा.

"पहारेकरी कशाला?" ग्रीक बेटावरच्या तिच्याच स्वयंपाकघरात तिचीच कॉफी भुरकत इसिदोरोस म्हणाला. "समुद्र राखणं सरकारचं काम. आपल्या युद्धनौका आहेत की तिकडं!"

"आपल्या? कर चुकवायला जहाजावर पनामाचं निशाण कुणी चढवलं, भावजी? जा, पनामाकडं मागा युद्धनौका."

"मग खलाशांच्या पगारातून कापू. जीव त्यांचाच वाचणार ना!"

आंगेरूनं त्याच्या पुढ्यातला कप उचलला आणि कॉफी मोरीत ओतली. मग लेकाला फोन लावला. "लेओनिस, मी सांगेपर्यंत नांगर उचलायचा नाही."

दुसरा फोन पिरेअस बंदरात, गव्हाचा मालक व्रोंतिसला. "शेटजी, गहू तुमचा. पहाऱ्याचा निम्मा खर्च तुमचा. नाहीतर बसू दे तिथंच कोंब फुटत."

"बाई, ही जबरदस्ती झाली!"

"वाटणी म्हणतात याला. वादळात जहाज वाचवायला माल समुद्रात टाकला, तर नुकसान सगळे मिळून सोसतात ना? मग वाचवायचा खर्च एकट्या जहाजानं का सोसायचा?"

शेवटी व्रोंतिस कबूल झाला. परका माणूस पैसे देतोय आणि घरचा अडून बसलाय, हे बंदरावर कळलं तर इसिदोरोसला कॉफीच्या दुकानात पाय ठेवायची सोय राहिली नसती. त्यानंही कुरकुरत मान डोलावली.

पहारेकरी चढले, ‘मार्केला’ निघालं आणि चाचे आलेच. दोन होड्या सुसाट जहाजावर चालून आल्या. पहारेकरी बंदुका उंच धरून कठड्याशी उभे राहिले, तशा होड्या आल्या वाटेनं पळाल्या. लेओनिसचा फोन आला, तो हसतच होता. आंगेरूनं खिडक्या सताड उघडल्या आणि बातमी साऱ्या बेटाला ओरडून सांगितली. शेजारणी धावत आल्या, घर भरून गेलं.

गर्दीतून वाट काढत इसिदोरोस आला. "बघ वहिनी, एक गोळीसुद्धा झाडली नाही. पैसे पाण्यात गेले!"

सगळ्या बायका आंगेरूकडं वळल्या.

"गोळी झाडायची वेळ येऊ नये म्हणूनच ते पैसे होते, भावजी," आंगेरू म्हणाली. "पुढच्या खेपेला खर्चातला तुमचा वाटा आधी घेईन. मत नंतर विचारीन, तेही आठवलं तर!"