चादर वाळेपर्यंत

मी एक जुनी पांढरी चादर आहे. माझ्या काठाचे धागे सुटलेत आणि मधोमध कापड इतकं विरलंय, की आरपार बघितलं तर पलीकडचं माणूस ओळखू येईल. पण मित्रांनो, एके काळी माझ्या पांढरेपणाचा गल्लीत दबदबा होता. त्याचा थोडा गर्व अजून आहे. तो कुठल्याच साबणाने गेला नाही.

यंत्रमागावर माझा जन्म झाला आणि दुकानातून मी थेट आईच्या घरी आले. आई म्हणजे या घरातल्या दोन मुलींची आई. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला आहे. दिवसभर परक्यांचे कपडे धुऊन आली, तरी घरचं कापड डागाळलेलं तिला खपत नसे. मला नीळ घालून धुवायची, दोन्ही टोकं धरून झटकायची आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "याला म्हणतात धुणं." तिच्या दोन्ही मुली तान्ह्या असताना माझ्यावरच झोपल्या. कुणाच्या तरी पाठीखाली असणं, याहून मोठं सुख चादरीला नसतं.

धाकटी दोन वर्षांची असताना गल्लीमागच्या मोकळ्या जागेत कोळशाचा साठा आला. घराएवढे उंच ढीग, वर झाकण काही नाही. वारा सुटला की काळी भुकटी घराघरात शिरायची. आई कपडे आतच वाळत घालू लागली. धाकटीच्या मागे खोकला लागला, चार पावलं पळाली तरी तिला धाप लागे. मग खिडक्या कायमच्या बंद झाल्या आणि तिला गच्चीवर जायची बंदी झाली. माझी रवानगी ट्रंकेत झाली.

थोरली पंधरा वर्षांची झाली. वाद घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मैत्रिणी तिला वकीलबाई म्हणत. त्याच चार मैत्रिणींना घेऊन ती घरोघर फिरली, कोण किती खोकतं ते लिहून काढलं आणि अर्ज घेऊन प्रदूषणाच्या कचेरीत गेली. तिथे कळलं, की शहराची हवा उत्तम आहे. हवा मोजणारं यंत्र कुठे बसवलंय, असं तिने विचारलं. ते होतं टेकडीवर, बंगल्यांमधल्या बागेत! आमच्या गल्लीतली हवा कुणी मोजलीच नव्हती. आमच्याकडेही यंत्र बसवा, एवढंच मुलींचं म्हणणं होतं. सहा खेपा घातल्यावर साहेब पाहायला यायला कबूल झाले.

त्यांना दाखवायला पुरावा हवा, म्हणून थोरलीने मला ट्रंकेतून काढलं. आईला तिने शाळेचा प्रकल्प आहे असं सांगून टाकलं. पंधरा दिवस मी गच्चीवरच्या दोरीवर टांगलेली होते. रोज थोडी काळी होत होते आणि लाजेने अर्धी होत होते. थोरली मात्र रोज येऊन मला न्याहाळायची आणि खूश होऊन जायची. मला तिचा रागच यायचा.

ठरल्या दिवशी मुली साहेबांना आणायला नाक्यावर गेल्या. इकडे आई त्या दिवशी कामावरून लवकर आली. साहेब येणार हे तिला शेजारणीकडून कळलं आणि तिची नजर माझ्यावर पडली. घरी मोठा माणूस येणार आणि गच्चीवर हे लक्तर? तिने मला ओढून काढलं, तीन पाण्यांतून धुतलं, नीळ घातली, झटकून पुन्हा दोरीवर टाकलं. आणि मी मूर्खासारखी सुखावले.

साहेब वर आले तेव्हा माझ्यातून पाणी ठिबकत होतं.

"हीच का ती चादर?" त्यांनी विचारलं. "ही तर स्वच्छ आहे."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती आईला एवढंच म्हणाली, "आई, ती घाणच मला दाखवायची होती गं."

आईने कपाळाला हात लावला. मुलींजवळ फोटो होते, पण फोटो कुठलेही असू शकतात असं म्हणून साहेब जिन्याकडे वळले.

"साहेब, चूक माझी आहे, पोरींची नाही," आई म्हणाली. "चादर वाळेपर्यंत बसा. तेवढंच मागते."

तिने खुर्ची पुसून दिली. साहेब अवघडून बसले. दुपारी वारा फिरला, साठ्यावर ट्रक भरायला लागले. ओलं कापड धूळ कशी धरतं, हे आईइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन तासांत मी वाळले. साहेबांनी माझ्यावर बोट ओढलं. बोट काळं झालं आणि मागे पांढरी रेघ उठली. मग त्यांनी स्वतःची कॉलर चाचपून पाहिली.

"तुम्ही दोन तास बसलात," आई म्हणाली. "माझी धाकटी इथे सहा वर्षं श्वास घेतेय."

पुढच्या आठवड्यात आमच्या गच्चीवर यंत्र बसलं. त्याचे आकडे पाहून ढिगांवर ताडपत्री आली, पाण्याचे फवारे आले. ताडपत्री फाटते, फवारे बंद पडतात, म्हणून मुली डोळ्यांत तेल घालून असतात. दर महिन्याला आई मला धुते, दिवसभर गच्चीवर ठेवते आणि संध्याकाळी सगळ्याजणी मला तपासतात.

मित्रांनो, डाग दिसला की धुवायची घाई करू नका. तो आला कुठून, हे आधी विचारा.

या महिन्यात मला वाळत घालायला धाकटी आली. जिन्यात दोनदा थांबली, पण आपल्या पायांनी वर आली. संध्याकाळी आईने मला उजेडात धरून बराच वेळ पाहिलं, एकदा झटकलं आणि घडी न घालता धाकटीच्या खाटेवर अंथरलं. मग तिने खिडकी उघडली.

धाकटी माझ्यावर आडवी झाली. किती वर्षांनी माझ्यावर कुणी पाठ टेकली होती.