बाइंडरचे बोळे

"बाबा, अजून किती वेळ? मला ऑफिस आहे!"

सुनेने न्हाणीघराच्या दारावर थाप मारली, तेव्हा बाइंडरचा उजवा हात मोरीच्या भोकात जाईल तितका आत गेलेला होता.

"झालंच, झालंच," तो म्हणाला आणि डाव्या हाताने नळ सोडला, म्हणजे बाहेर आंघोळीचा आवाज जावा. बोटांना दोऱ्याचे टोक लागत होते आणि निसटत होते. घोट्यापर्यंत पाणी साचले होते. अखेर दोरा दोन बोटांच्या चिमटीत आला. त्याने पीळ देऊन ओढला आणि कापडाचा बोळा पच्चकन वर आला. मागोमाग पाणी गटगट करीत खाली उतरले. त्याने बोळा पिळून पायजम्याच्या खिशात कोंबला, डोक्यावर मगभर पाणी ओतून घेतले आणि केस पुसत बाहेर आला.

"आंघोळ करत होतात की विहीर खणत होतात?" सून म्हणाली.

तो हसला. रोज हसायचा. ज्या घरात आपल्याला राहू दिले जाते, तिथे विनोद कळो न कळो, हसावे लागते.

बैठकीत खिडकीपाशी त्याची बायको बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. "बुजवल्या सगळ्या," ती म्हणाली. "आता एक झुरळ येईल तर शपथ."

बाइंडरने सारी उमर एका छापखान्यात पुस्तके बांधण्यात घालवली होती. लोक त्याला बाइंडरच म्हणत, आणि पुढेपुढे नातेवाईकही तेच म्हणू लागले. बोलायला बावळट, हाताला चोख. बायको मात्र बोलण्यात त्याची सात जन्मांची उसनवारी फेडायची. आणि तिचे सगळे बोलणे शेवटी मोरीशी येऊन थांबायचे. तेलकट भांडे कागदाने पुसल्याशिवाय धुवायचे नाही. चहाचा चोथा मोरीत नाही, कुंडीत. न्हाताना गळलेले केस जाळीवरून ज्याचे त्याने उचलायचे. संध्याकाळी प्रत्येक मोरीत किटलीभर कढत पाणी. आणि सगळी निजानीज व्हायच्या आधी प्रत्येक भोकात कापडाचा एकेक बोळा, कारण झुरळे आणि घाण वास तिथूनच वर येतात. सकाळी उठल्यावर पहिले काम बोळे काढायचे, मग तोंड धुवायचे. "दिवाणखाना काय, कुणीही सजवतं," ती म्हणायची, "घर बघायचं तर मोरी बघावी."

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बाइंडरने घरी आणलेल्या कामाची पाने चिकटवायची उरलेली खळ मोरीत ओतली होती. खळ आत वाळून दगड झाली. तो अपराध तिने त्याला कधी माफ केला नाही. पोरगा झाला, मोठा झाला, त्याचे लग्न झाले. भांडण कशावरूनही सुरू होवो, खळीपाशी यायचेच.

आता तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. पोराचे नाव गेले. आपण जेवलो की नाही ते गेले. बाइंडर आपला कोण लागतो तेही बहुतेक दिवशी आठवत नसे. मोरी तेवढी राहिली. पण त्यातही अर्धेच राहिले: बोळा घालायचा ते राहिले, काढायचा ते गेले. दिवसातून कितीदा तरी ती उठायची आणि हाताला लागेल ते भोकात कोंबायची. मोजा, रुमाल, सुनेच्या ओढणीचा फाडलेला कोपरा. वर छत्रीच्या दांड्याने नीट आत ढकलायची. ती कामात कधीच हलगर्जी नव्हती.

एकदा न्हाणीघराचे पाणी उंबरा ओलांडून सुनेच्या खोलीत शिरले. पलंगाचे पाय फुगले, कपाटाचा तळ सुटला. त्या दिवशी मुलगा आवाज न चढवता बोलला, आणि तो आवाज चढवत नाही तेव्हा बाइंडरला जास्त भीती वाटे. "बाबा, आणखी एकदा असं झालं ना, तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. मी जागा बघून ठेवलीय. तिथं सवय असते त्यांना अशा माणसांची."

"अशा माणसांची" हे शब्द बाइंडरच्या डोक्यातून हलेनात. बायकोला सांगून ती थांबणार नव्हती. दारांना कड्या घातल्या तर ती रडायची. मग त्याला जमत होते तेवढेच त्याने केले. जुन्या चादरीचे तुकडे कापले, घट्ट गुंडाळले, वरून पुस्तकाची शिवण घालतात तसे शिवले आणि प्रत्येक बोळ्याला मेण लावलेल्या दोऱ्याचे हातभर शेपूट ठेवले. असे डबाभर बोळे करून बायकोच्या उशाशी ठेवले. तिला घालू दे. घातला की आपण मागून जायचे आणि दोरा धरून ओढायचा. ओला बोळा वाळवून परत डब्यात. ती घालणार, तो काढणार. या वयात नवराबायकोंनी मिळून करण्यासारखे एवढेच काम उरले होते, आणि खरे सांगायचे तर त्यात त्याला थोडे सुख होते.

ती शेपटे कुरतडू लागली हे त्याच्या लक्षात आले नाही. दोरा भोकाबाहेर लोंबतो, ते तिला गबाळे वाटत होते. ती दाताने तो तोडायची आणि मगच बोळा आत सारायची.

तो तिचे औषध आणायला गेला होता. दुकानात गर्दी होती. परत आला तो स्वयंपाकघरात पाणीच पाणी. सून साडी खोचून पाणी लोटत होती, मुलगा कामावरून अर्ध्यात आला होता आणि प्लंबर ओट्याखाली उताणा पडून नळीत तार फिरवत होता. बायको खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"आला बघा," प्लंबर म्हणाला. त्याने तार ओढली आणि एक काळा, बुळबुळीत गोळा वर्तमानपत्रावर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. "साहेब, हे गटार आहे की शिंप्याचं दुकान?"

सुनेने नाकाला पदर लावला. "बघा. म्हटलं नव्हतं मी? आईंना आता घरात ठेवणं शक्य नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई परत गळक्या छताची तक्रार करून गेल्या. माझ्याच्यानं आता होणार नाही."

"मी फोन करतो," मुलगा म्हणाला. "एक जागा रिकामी झालीय तिथं. उद्यापर्यंतच ठेवतील."

बाइंडरने खाली ठेवलेली औषधाची पिशवी ओली होत होती. त्याने ती उचलून कट्ट्यावर ठेवली.

प्लंबरने एक गोळा नळाखाली धरला. घाण निघून गेली आणि पांढरे कापड दिसू लागले. "हे असं नुसतं कोंबलेलं नाही बरं का," तो म्हणाला. "शिवलंय. नीट बसून शिवलंय कुणीतरी."

मुलाने तो हातात घेतला. उलटा केला. अंगठ्याने शिवण चाचपली. शाळेत असताना त्याच्या सगळ्या वह्या घरी बांधलेल्या असत. इतर पोरांच्या वह्या सुट्या व्हायच्या, याच्या कधी झाल्या नाहीत. हा दुहेरी टाका आणि ही चपटी गाठ त्याने किती वर्षे बोटांनी चाळवली होती.

"बाबा," तो म्हणाला, "हा टाका तुमचा आहे."

सगळे बाइंडरकडे पाहू लागले. बायकोही पाहू लागली.

आता खरे सांगता आले असते. मी शिवतो, ती घालते, मी काढतो. एवढी तीन वाक्ये. पण तिसरे वाक्य पुरे व्हायच्या आत मुलाने फोन उचलला असता, आणि उद्या खिडकीतली ती खुर्ची रिकामी झाली असती. जागा एकच होती. बाइंडर बावळट होता, पण एवढा हिशेब त्यालाही आला.

"हो," तो म्हणाला. "माझाच."

"म्हणजे हे सगळं तुम्ही?"

"हो."

"मागच्या वेळी पण?"

"मीच."

"पण का?"

"झुरळं येतात," तो म्हणाला.

सुनेच्या हातातला झाडू खाली पडला. तिला राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ रडू आले. ती वाईट बाई नव्हती, दमलेली होती. ती सासूपाशी गेली आणि गुडघे टेकून तिचे हात धरले. "आई, मी तुम्हाला किती बोलले हो. काय वाट्टेल ते बोलले. आणि हे गृहस्थ रोज सकाळी दार लावून आत हे उद्योग करत होते, आणि वर माझ्याकडं बघून हसत होते!"

म्हातारीला काय चालले आहे ते कळले नाही, पण आपली बाजू घेणारे कुणीतरी भेटले एवढे कळले. तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी पहिल्यापासून सांगतेय," ती म्हणाली. "हा माणूस घाणेरडा आहे. खळ ओततो मोरीत. कुणी ऐकेल तर शपथ."

"ऐकलं आई, आता ऐकलं," सून म्हणाली.

"हाकला त्याला," म्हातारी म्हणाली.

प्लंबर तार गुंडाळता गुंडाळता खो खो हसला, आणि मग आपण एकटेच हसतो आहोत हे लक्षात येऊन हत्यारे पिशवीत भरू लागला.

मुलाने फोन केला. जागेवर बाईऐवजी पुरुष चालेल का, असे विचारले. चालत होते.

दुसऱ्या दिवशी सुनेने बाइंडरची बॅग भरली. कपडे नीट घड्या घालून ठेवले, मफलर वर ठेवला, कारण तिकडे गारठा असतो म्हणे. तो दारात उभा राहून पाहत होता. सकाळचे सगळे बोळे त्याने काढले होते, सुनेच्या देखतच, "ज्यानं घातले त्यानं काढावेत" असे ती म्हणाल्यावर. उशाजवळचा डबाही तिने कचऱ्यात टाकला होता. आता बायको पुन्हा मोजे घेणार, ओढण्या घेणार, आणि त्यांना दोरा नसणार.

"अगं, ऐक," तो म्हणाला. "रोज उठल्या उठल्या आधी मोऱ्या बघत जा. नळ सोडायच्या आधी. आणि दुपारी एकदा."

"आता कशाला?" सून म्हणाली. "तुम्ही चाललात ना."

"तरी पण."

"बाबा, पुरे." तिने चेन ओढली. "मी इतके दिवस त्या बिचारीवर नजर ठेवत होते. आता नाही ठेवणार. तिला तिच्या घरात मोकळं फिरू दे."

तो बायकोचा निरोप घ्यायला गेला. ती खिडकीतून खाली बघत होती. त्याने तिच्या पायांवरची शाल सारखी केली. "येतो," तो म्हणाला. तिने पाय आक्रसून घेतले आणि मुलाला विचारले, "हा गेला की दाराला कडी लावशील ना?"

"लावीन, आई," मुलगा म्हणाला.

गाडीत मध्येच मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे असंच मी समजत होतो. आईकडे बघण्याच्या नादात तुमच्याकडे बघायचं राहिलं." बाइंडरला त्याची फार दया आली. त्याने मुलाच्या खांद्यावर थोपटले.

खोली स्वच्छ होती. एक कॉट, एक कपाट, कोपऱ्यात हात धुवायचे बेसिन. मुलाने बॅग कपाटात ठेवली, खिडकी उघडून दाखवली, कुठले बटण कशाचे ते सांगितले. मग त्याचा फोन वाजला. तो बाहेरच्या पडवीत गेला. बाइंडरला शब्द ऐकू आले नाहीत, पण सुनेचा चढलेला आवाज फोनमधूनही ओळखू येत होता.

मुलगा परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"न्हाणीघर परत तुंबलंय," तो म्हणाला. "पाणी खोलीत आलंय." कॉटपाशी येऊन त्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहिले. आपल्याला काय ऐकायचे आहे ते त्याचे त्यालाच कळत नव्हते. "बाबा, निघायच्या आधी काही घातलं होतंत का?"

"हो," बाइंडर म्हणाला. "निघता निघता घातला एक."

मुलाने सुस्कारा सोडला. त्याला राग आलेला दिसला, आणि रागापेक्षा जास्त बरे वाटलेले दिसले. "शेवटचाच ना?"

"शेवटचाच."

मुलगा तिथूनच फोनवर बोलला. "अगं, बाबांनीच. हो, कबूल केलं त्यांनी. नाही नाही, आईचा काही संबंध नाही. तिला काही बोलू नकोस. आता नाही होणार." मग वाकून त्याने वडिलांना नमस्कार केला, येत्या रविवारी येतो म्हणाला आणि गेला.

उद्या सकाळी पुन्हा तुंबेल. तेव्हा "मीच" म्हणायला तिथे कुणी नसेल.

एक परिचारिका दारात आली. "आजोबा, काही हवंय का?"

"इथं बायकांना घेतात का?" त्याने विचारले.

"घेतात की. पण इथली शेवटची जागा तुम्ही घेतलीत, आता येतील त्यांना पलीकडच्या गावातल्या इमारतीत. का हो?"

"काही नाही," बाइंडर म्हणाला. "सहज विचारलं."