व्याह्यांची गोळी

दोंडाईच्याचे झुलाल नाना आणि त्यांचे पाचोऱ्याचे व्याही नवल आबा, दोघांनाही एकाच वर्षी हृदयाने दगा दिला. दोघांच्या पायांना सूज, दोघांना ठोके संथ करणारी गोळी. नानांना धुळ्याच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलोल दिली, आबांना जळगावच्या डॉक्टरांनी कार्व्हेडिलॉल. आता व्याही म्हटले की तुलना आलीच. लग्नात मानपानावरून झाली, ती दुखण्यात कशी सुटेल?

आबा रोज कपाशीला फेरी मारून येत. नानांना अंगणातच धाप लागे. गोळी हळूहळूच वाढवायची असते, असं डॉक्टर समजावत. नानांना वाटे, आपला डॉक्टर हात आखडता घेतो. लेकीला, कामिनीला, भेटायला गेले तेव्हा आबांनी आपल्या गोळीच्या दोन पट्ट्या आग्रहाने त्यांच्या खिशात घातल्या. व्याह्यांनी दिलेलं परत करायचं नसतं. नानांनी स्वतःची गोळी न सोडता तीही सुरू केली. त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सहाव्या दिवशी नाना न्हाणीत कोसळले. धुळ्याच्या दवाखान्यात नाडी अडतीस भरली. आणखी काही औषध चालू आहे का, डॉक्टरांनी विचारलं. नसेल तर पेसमेकरचं बघावं लागेल. नाना नाही म्हणाले आणि बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. सुगंधाबाईंना लेकीची धास्ती होती. सासऱ्याच्या गोळीने बाप पडला, असं झालं तर कामिनीला त्या घरात जन्मभर ऐकावं लागणार. पण मग त्यांना दोन्ही म्हाताऱ्यांचा रागच आला.

"यास्नी व्याहीस्नी गोळी बी खाधी," असं म्हणून त्यांनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. दोन्ही गोळ्या एकाच कुळातल्या, म्हणजे डोस दुप्पट झाला. आबांची बंद केली की बहुधा नाडी ताळ्यावर येईल. त्यातली चांगली कोणती, हे नानांनी तशातही विचारलंच. सोसेल ती आणि न चुकवता घ्याल ती, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पट्टी हातात घेतली.

"मग व्याही स्वतः काय घेताहेत? ही अचानक सोडली तर जिवावर बेततं."

सुगंधाबाईंनी उभ्याउभ्या पाचोऱ्याला फोन लावला. कामिनी रडकुंडीला आली होती. आबांना कालपासून धापेमुळे आडवं होता येत नव्हतं, पण दवाखान्यात जायला ते तयार नव्हते.

"गोळ्या संपी गयात, हाई नानास्ले सांगू नको म्हनतस," ती म्हणाली. "त्या पट्ट्या वापस करी देतीन."