पित्ताशयातली पंगत

कांचन उरुणकरच्या पित्ताशयात पंगत बसली होती. डॉक्टर हिरेमठांनी ती सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि मग पडदा नवरा-बायकोकडे वळवला. समोरासमोर दोन रांगा, पाट, रांगोळी, केळीची पानं. वर मीठ, डावीकडे चटणी. मांडणीत खोट काढायला जागा नव्हती.

"मला वाटलं खडे असतील," डॉक्टर म्हणाले. "ही तर माणसं आहेत."

"कुणाकडची?" कांचनने पडल्या पडल्या विचारलं.

"तुमच्याकडचीच दिसतायत."

मुकुंद, म्हणजे कांचनचा नवरा, पडद्याला नाक लावून उभा राहिला. "अगं, हे तासगावचे मामा. आणि त्यांच्या शेजारी ते व्याही, बारशाला आलेले. बघ, अजून तोच शर्ट."

ही सगळी माणसं कांचनला चांगली ठाऊक होती. सगळ्यांना तिने कधी ना कधी आग्रह करून वाढलेलं होतं. कांचनचा आग्रह म्हणजे साधं काम नव्हे. लोक पानावर हात आडवा धरायचे, आणि ती त्या हातावरच वाढायची. गरम तुपाची धार बोटांवर पडली की माणूस हात काढून घेतोच. आजवर तिच्यापुढे एकाचाही हात टिकला नव्हता. निम्म्या नातेवाइकांच्या बोटांवर त्याच्या खुणा होत्या, आणि ते त्या कौतुकाने दाखवायचे.

मग कांचनने ऑपरेशन करून घेतलं. जठर कापून वाटीएवढं केलं. वर्ष सरायच्या आत ती निम्मी झाली. सैल झालेले सगळे ब्लाउज तिने भांडीवालीला देऊन झाकणाचा डबा घेतला. डॉक्टरांनी पित्त पातळ राहायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही तिने बरं वाटतंय म्हणून बंद केल्या. गेलेलं वजन गेलं कुठे, हे तिने कुणाला विचारलं नाही. मग उजव्या बरगडीखाली कळा यायला लागल्या. जड पाट फरशीवरून ओढावा तशी कळ निघायची आणि पार खांद्याच्या पात्यापर्यंत जायची.

"पित्ताची पिशवी काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

"काढा की मग."

"अशी कशी काढू? माणसं पानावर बसलीत." डॉक्टर दुखावल्यासारखे दिसले. "काकू, भरल्या पानावरून मी आजवर कुणाला उठवलेलं नाही. आमच्या आईला कळलं तर ती मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

त्यांनी यंत्र जरा खाली सरकवलं. पिशवीच्या तोंडाशी एक अरुंद बोळ होता आणि त्यात एक माणूस आडवा अडकला होता.

"हा कोण? हात धुवायला निघाला असणार."

"रमाकांतभाऊजी!" कांचन म्हणाली. रमाकांत तिचा धाकटा दीर. त्याची बायको म्हणत होती, तो मित्रांबरोबर गोव्याला गेलाय.

"यांनी पित्ताची वाट अडवलीय," डॉक्टर म्हणाले. "आता पित्त उलटं फिरणार आणि तुम्ही पिवळ्या होणार. बाकीच्यांचं डोळ्यांपासून सुरू होतं, तुमचं पायांपासून झालंय." कांचनने पाहिलं, तर गुडघ्यांपर्यंत ती लिंबासारखी पिवळी होती. "हे डोळ्यांत चढायच्या आत पंगत उठली पाहिजे. उठली की मी लगेच पिशवी काढतो. डोळ्यांत चढलं, की मग माझ्या हातात काही उरणार नाही."

"मी उठवते," कांचन म्हणाली. "आत्ता उठवते."

पण एवढ्यात आतली गर्दी वाढायला लागली. आधी बाहेर बसलेले पेशंट दिसेनासे झाले आणि पडद्यावरच्या रांगा लांबल्या. मग नर्स गेली. ती जाता जाता हात धुऊन गेली.

"मी जरा आत काय चाललंय बघून येतो," मुकुंद म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी तो पडद्यावर मांडी घालून बसलेला दिसला.

"अहो! तुम्ही तिथे काय करताय?"

"घरी तू दोन चमचे भात लावतेस," मुकुंद पडद्यातून म्हणाला. "इथे मठ्ठा आहे."

पिवळा रंग कमरेपर्यंत आला. कांचन टेबलावरून उतरली. उजव्या बरगडीखाली तिला दार होतं, ते तिने लोटलं. पूर्वी त्या दारातून तिचा एक दंडही गेला नसता. आता ती अंग न चोरता आत गेली.

आत तुपाचा आणि ओल्या फडक्याचा वास येत होता. मामांनी तिला पाहिलं आणि हात जोडले. "कांचन, उठव गं बाई आम्हाला. पोट फुटायला आलंय."

"मग उठा ना! कुणी धरून ठेवलंय?"

"पानात टाकून कसं उठायचं? आणि पान मोकळं झालं रे झालं, की ती पुन्हा वाढते."

"कोण ती?"

मामांनी रांगेच्या टोकाकडे बोट केलं. तिथे एक बाई पाठमोरी वाकून वाढत होती. अंगाने भरलेली, पदर खोचलेला, भांडीवालीला दिलेला हिरवा ब्लाउज दंडात रुतलेला. ती वळली. ती कांचनच होती. गेलेलं सगळं वजन तिच्या अंगावर जिथल्या तिथे होतं.

"आलीस?" जाड कांचन म्हणाली. "किती वाळलीस गं! बस, तुझं पान मांडलंय."

"मी पंगत उठवायला आलेय."

"उठवायला? अजून जिलबीची फेरी व्हायचीय."

"यांना मी बोलावलं नव्हतं."

"मला तरी कुठे जा म्हणून सांगितलंस? नुसतं घालवलंस." जाड कांचनने कपाळ पुसलं. "मला वाढण्याशिवाय दुसरं काय येतं?"

कांचनने तिच्या हातातली बादली ओढून घेतली आणि पालथी केली. जाड कांचनच्या दुसऱ्या हातात तशीच भरलेली बादली होती. बोळातून रमाकांत ओरडला, "वहिनी, आधी यांना उठवा! हे हलले तर मला मागे सरकायला जागा होईल!"

पिवळा रंग गळ्यापर्यंत आला होता. कांचन रिकाम्या पाटावर जाऊन बसली.

"तुला माझ्या पानावर वाढता आलं नाही, तर थांबशील?"

जाड कांचन तुपाची पळी उचलत हसली. "असं कधी झालंय का?"

"झालं तर?"

"तर पळी खाली ठेवीन. सगळ्यांना हात धुवायला पाणी देईन."

कांचनने उजवा हात पानावर आडवा धरला. दोन्ही रांगांतलं चावणं थांबलं.

"एवढंसं घे. तुला माझी शपथ."

"नको."

"आपले दादा असते तर त्यांना नाही म्हणाली असतीस?"

कांचनला यातला एकेक डाव पाठ होता, तरी वारलेल्या वडिलांचं नाव निघालं तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नको," ती म्हणाली.

पळी तिरकी झाली. धार बोटांवर पडली. मामांनी डोळे मिटले आणि मुकुंदने स्वतःची बोटं तोंडात घातली. कांचनने बोटं आणखी घट्ट जुळवली. तूप मनगटावरून ओघळून पाटाखाली गेलं. पानावर एक थेंब पडला नाही.

"काकू," वरून डॉक्टरांचा आवाज आला, "नाकापर्यंत आलंय. उठले का?"

"थांबा!" कांचन म्हणाली.

जाड कांचनने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने पळी बाजूला ठेवली, आणि हात धुवायच्या पाण्याऐवजी पदराने तुपाचं अख्खं पातेलं उचललं. "तुझ्यासाठीच कढवलंय गं," ती म्हणाली, आणि पातेलं हळूहळू तिरकं करत गेली. पिवळंधमक तूप काठाशी आलं.

कांचनने दुसराही हात आडवा धरला.